जिप्सीचा क्राऊन-पिनियन स्वतः बसवायचा तर

आवाज पहिल्यांदा नीट ऐकू आला तो जुन्या कात्रज बोगद्यात. काचा खाली, पन्नासच्या आसपास स्पीड, आणि मागून एकसुरी कूऽऽ. अ‍ॅक्सलरेटर दाबला की वाढायचा, सोडला की गायब. त्याआधी आठवडाभर मी स्वतःची समजूत घालत होतो की टायरचाच आहे. टायरचा नव्हता. दोन आठवड्यांपूर्वी मीच सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसून मागच्या एक्सलमध्ये नवा क्राऊन-पिनियन (इंजिनाचं फिरणं चाकांकडे वळवणारी मोठ्या-छोट्या गिअरची जोडी) टाकला होता, आणि जुन्या शिम (जागा नेमकी साधायच्या पातळ चकत्या) तशाच परत लावल्या होत्या, इतकी वर्षं चालल्यात म्हणजे बरोबरच असणार असा हिशोब. खोलून बघितलं तर दात फक्त माथ्यावर घासलेले. मग परत सगळं खाली, नवीन क्रश स्लीव्ह (पिनियनच्या दोन बेअरिंगमधली, नट आवळला की दबणारी नळी), नवीन सील, अजून दोन रविवार गेले, आणि पार्किंगच्या फरशीवरच्या ऑइलच्या डागावरून सेक्रेटरी काकांची बोलणी खाल्ली ती वेगळी.

तेव्हा पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी लिहितोय. माझी गाडी जिप्सी, म्हणून सगळं तिच्या अंगाने येईल. जिप्सी आणि ओम्नीचा एक फायदा असा की त्यांचं डिफरन्शियल (थोडक्यात डिफ, एक्सलच्या मधला क्राऊन-पिनियनचा गोळा) पुढच्या बाजूने अख्खं बाहेर येतं, म्हणजे सेटिंग टेबलावर आरामात बसून करता येतं. काही गाड्यांमध्ये मागे पत्र्याचं कव्हर असतं आणि सगळी कामं गाडीखाली आडवं पडून हाउसिंगच्या आतच करावी लागतात, आणि त्यात बऱ्याचदा साइड बेअरिंगला (क्राऊनच्या दोन बाजूंची बेअरिंग) फिरवायचे नट नसतात, तिथेही शिमच. तत्त्व तेच, पण पहिली वेळ असेल तर तिथून सुरुवात करू नका, खरंच सांगतो.

खोलायच्या आधी आवाज डिफचाच आहे का ते नक्की करा, कारण अर्ध्या वेळा नसतो. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो, डांबरावर एक आणि सिमेंटच्या रस्त्यावर दुसरा. व्हील बेअरिंगचा आवाज गाडी जरा डावी-उजवीकडे लोटली की कमी-जास्त होतो. फक्त वळणावरच करकर येत असेल तर क्राऊन-पिनियनला हात लावू नका, आतल्या छोट्या स्टार पिनियन आणि साइड गिअर बघा. वळताना आतलं चाक हळू आणि बाहेरचं जोरात फिरतं, तो फरक तेच सांभाळतात, सरळ रस्त्यावर ते आपापसात जवळपास फिरतच नाहीत. गाडी जागेवरून निघताना खट्ट वाजतं? आधी प्रोपेलर शाफ्टचे, म्हणजे मागच्या एक्सलला फिरवणाऱ्या लांब दांड्याचे, क्रॉस जॉइंट तपासा, स्वस्तात सुटाल. डिफच असेल तर कात्रजचा जुना घाट हे आपलं फुकटचं टेस्टिंग सेंटर आहे. चढताना दाताची एक बाजू लोड घेते, तीच ड्राइव्ह साइड. बोगदा ओलांडून पलीकडे गिअरमध्ये उतरताना दुसरी बाजू, कोस्ट साइड. चढावर गातंय की उतारावर ते लिहून ठेवा, नंतर मार्किंग, म्हणजे रंग लावून दातांवर उठवलेला ठसा, वाचताना लागतं. फक्त उतारावरच आवाज असेल तर पिनियनची बेअरिंग ढिली पडलीय का हा पहिला संशय घ्यायचा.

सामान. मॅग्नेटिक स्टँडसकट डायल गेज, एक घर ०.०१ मिमीचं असलेला. याच्याशिवाय हे काम करूच नये, "हाताला कळतं" म्हणणारे लोक भेटतील, त्यांना चहा पाजा आणि डायल लावा. मायक्रोमीटर, शिम मोजायला. टॉर्क रेंच. पुलर. स्प्रिंगचा काटा, भाजीवाल्याकडे टांगलेला असायचा तसला छोटा. आणि मार्किंग कंपाउंड, दातांना लावायचा तो रंग. डायल मी बुधवारच्या जुन्या बाजारातून घेतला होता, चालतोय, पण घेताना काटा अडकतोय का, सोडल्यावर परत शून्यावर येतोय का हे तिथेच दहा वेळा बघा, नाहीतर सरळ रविवार पेठेतून नवा घ्या. बेअरिंग, सील, स्लीव्ह, शिम नाना पेठेत. चारचाकी घेऊन जाऊ नका, दुचाकीवर जा, आणि जुना पार्ट पिशवीत घालून सोबत न्या कारण तोंडी वर्णनावर भलतंच हातात पडतं.

कंपाउंड नाही मिळालं तर जुने मिस्त्री शेंदूर आणि ऑइल कालवून लावायचे, आपण मारुतीला लावतो तोच शेंदूर. जिप्सीही मारुतीचीच, तेव्हा हरकत नसावी. फक्त त्यात शिसं असतं, हातमोजे घाला आणि त्या हाताने वडापाव खाऊ नका.

क्राऊन आणि पिनियन जोडीनेच घ्यायचे. कारखान्यात दोघांना एकमेकांवर घासून जोडी जमवलेली असते आणि दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. एकाचा क्राऊन आणि दुसऱ्याचा पिनियन असं लग्न लावलं तर आयुष्यभर भांडण ऐकायचं. दात मोजून रेशो जुळवा: क्राऊनचे दात भागिले पिनियनचे, ३७ आणि ९ असतील तर ४.११. फोर बाय फोर असेल तर पुढचा आणि मागचा रेशो सारखाच पाहिजे, हे विसरून मागचाच बदलणारे महाभाग मी पाहिलेत, फोर व्हील टाकली की ट्रान्सफर केसचं (पुढे-मागे ताकद वाटणारा गिअरचा डबा) भजं.

आता खोलणं. चाकांना दगड नाही, नीट लाकडी ओट लावा, आणि गाडी जॅकवर ठेवून खाली जायचं नाही, स्टँड पाहिजेच. ऑइल काढा आणि ड्रेन प्लगवर काय चिकटलंय बघा. राखाडी चिखलासारखा गाळ चालतो, चमचमणारे तुकडे म्हणजे दात किंवा बेअरिंग गेलंय. ड्रम काढा, एक्सल शाफ्ट बाहेर ओढा, ब्रेकची पाईप सोडावी लागली तर नंतर ब्रेकची हवा काढायची आठवण ठेवा. प्रोपेलर शाफ्ट सोडण्याआधी दोन्ही फ्लँजवर, म्हणजे बोल्टने जोडलेल्या समोरासमोरच्या चकत्यांवर, पेंटची खूण. मग डिफचे नट काढून हळूच पुढे ओढायचं, जड असतं, दोघं हवेत, एकट्याने छातीवर घेऊ नका.

टेबलावर आल्यावर लगेच पाना लावायची खाज येते, ती दाबा. आधी जसं आहे तसं डायल लावून बॅकलॅश, म्हणजे दातांमधला मोकळा खेळ, मोजा, दातांना कंपाउंड लावून जुनी मार्किंग बघा, फोटो काढा. मग साइड बेअरिंगच्या कॅप. डावी-उजवीची अदलाबदल अजिबात चालत नाही, कारण त्या हाउसिंगला बसवूनच आतून बोअर केलेल्या असतात. पंचने एका बाजूला एक टिंब, दुसऱ्या बाजूला दोन, कॅपवर पण आणि हाउसिंगवर पण. काही गाड्यांत क्राऊनच्या बोल्टला उलटे आटे असतात, म्हणून बोल्ट हलत नाही म्हणून पाइप लावून जोर काढण्याआधी डोक्यावर काही खूण आहे का बघा.

सगळं डिझेलने धुवायचं. हाउसिंगच्या कोपऱ्यात साठलेला गाळ ब्रशने काढा, बेअरिंगचे कप जिथे बसतात तिथे एक कण राहिला तरी पुढचा सगळा हिशोब चुकतो.

आता खरं काम. गोष्टी चारच आहेत: पिनियन किती आत बसतो, पिनियनच्या बेअरिंगवर किती ताण, क्राऊन किती जवळ म्हणजे बॅकलॅश, आणि साइड बेअरिंगवर किती ताण. याच क्रमाने जायचं. चौथी गोष्ट झाल्यावर पहिली बदलली तर मधल्या सगळ्या परत कराव्या लागतात, आणि पहिल्या वेळेस हे दोन-तीनदा होणारच आहे, तेव्हा चिडू नका.

पिनियनची खोली डोक्यामागच्या शिमने ठरते. जिप्सीत ती शिम पिनियनचं डोकं आणि मोठ्या बेअरिंगच्या मध्ये असते. शिम जाड केली की डोकं आत सरकतं, क्राऊनच्या मध्याकडे. पिनियनच्या तोंडावर बहुतेक वेळा अधिक किंवा उणे असा बारीक आकडा कोरलेला असतो. साधारण प्रथा अशी की अधिक म्हणजे या पिनियनला ठरलेल्यापेक्षा तेवढं लांब बसायचंय, उणे म्हणजे तेवढं जवळ. समजा जुन्यावर ० होतं आणि शिम १.२० मिमी, नव्यावर उणे ५ आहे आणि आकडे मिमीच्या शंभराव्या भागात आहेत, तर सुरुवात १.२५ ने करायची. काही कंपन्या आकडा इंचाच्या हजाराव्या भागात देतात, थाऊमध्ये, तेव्हा तुमच्या गाडीचं मॅन्युअल काय म्हणतं ते बघूनच. माझी चूक इथेच होती बघा, आकडा वाचलाच नाही. आणि हा फक्त सुरुवातीचा अंदाज आहे, शेवटचा शब्द मार्किंगचा.

इथे एक युक्ती, जी मला आधी कोणी सांगितली असती तर पाच-सहा वेळा प्रेसवाल्याकडे चकरा झाल्या नसत्या. जुनं मोठं बेअरिंग फेकू नका. चांगल्या अवस्थेत असेल तर आतलं भोक एमरीने किंवा लेथवाल्याकडून अगदी किंचित मोठं करून घ्या, इतकंच की पिनियनवर हाताने सरकेल. ट्रायलला ते वापरायचं, शिम बदलायची की बेअरिंग हाताने काढा, शिम टाका, परत घाला. सगळं जुळलं की मग नवं बेअरिंग प्रेसवर एकदाच. नेमक्या जाडीची शिम नाहीच मिळाली तर भोसरीत सरफेस ग्राइंडर असलेली छोटी वर्कशॉप गल्लोगल्ली आहेत, जाड शिम नेऊन घासून आणायची.

ट्रायलच्या वेळी क्रश स्लीव्ह घालायचीच नाही. हो, स्लीव्हशिवायच. पिनियनचा नट हळूहळू इतकाच आवळा की खेळ शून्य आणि फिरवताना जरासा जडपणा लागेल. बेअरिंग कोरडी फिरवू नका, आधी गिअर ऑइल चोळा.

आता क्राऊन. पिंजऱ्यावर, म्हणजे स्टार पिनियन आणि साइड गिअर ज्यात असतात त्या डब्यावर, बसवायच्या आधी दोन्हीकडच्या टेकणाऱ्या बाजूवरून बारीक ऑइल स्टोन फिरवा, कुठे कोच पडला असेल तर घासला जाईल. क्राऊन उकळत्या पाण्यात थोडा वेळ ठेवा, फुगतो आणि आपल्या वजनानेच खाली बसतो, मग लगेच पुसून कोरडा करा. बोल्टने ओढून बसवायचा प्रयत्न केला तर तिरका बसतो. बोल्ट समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत, शेवटी थ्रेडलॉक लावून मॅन्युअलच्या टॉर्कवर. नव्या साइड बेअरिंगही आत्ताच, गरम करायच्या असतील तर १२० अंशांच्या वर नाही, आणि गॅसची ज्योत थेट मारायची नाही, रंग बदलला की बेअरिंग मेलं समजा.

पिंजरा हाउसिंगमध्ये ठेवा, कॅप हलक्या हाताने, बाजूचे अ‍ॅडजस्टर नट फिरवत क्राऊन पिनियनकडे न्या. डायलची सुई क्राऊनच्या दाताच्या बाहेरच्या टोकाजवळ टेकवा, दाताला काटकोनात, तिरकी लावली तर खोटं वाचतं. पिनियन घट्ट धरून ठेवा आणि क्राऊन मागे-पुढे हलवा. काटा जितका हलेल तो बॅकलॅश. बहुतेक छोट्या गाड्यांना ०.१५ ते ०.२० मिमी चालतो, काहींना ०.२५ पर्यंत. चार ठिकाणी मोजा. एकीकडे ०.१५ आणि समोर ०.२५ येत असेल तर क्राऊन वाकडा बसलाय, खाली कचरा किंवा कोच राहिला, काढा आणि परत बसवा.

सुधारताना नियम एकच, एका बाजूचा नट जितके खाचे सोडला तितकेच खाचे दुसऱ्या बाजूचा आवळायचा. म्हणजे क्राऊन सरकतो पण ताण तोच राहतो. क्राऊन ०.१० सरकवला की बॅकलॅश साधारण ०.०७ ने बदलतो, हे डोक्यात असलं की अंदाजपंचे फिरवणं थांबतं. शेवटचा हात नेहमी आवळण्याच्या दिशेने असावा, सोडण्याच्या नाही, नाहीतर नट आणि बेअरिंगमध्ये फट राहते आणि गाडी चालल्यावर आकडा बदललेला सापडतो.

मग मार्किंग, आणि इथे घाई करायची नाही. क्राऊनच्या सलग चार-पाच दातांना दोन्ही बाजूंनी पातळ थर लावा, लोण्यासारखा जाड नको. एका माणसाने क्राऊनला लाकडाची पट्टी दाबून अडवायचं, दुसऱ्याने पिनियन फिरवायचा, दोन्ही दिशांना दोन-तीनदा. लोड नसेल तर मार्किंग पुसट येते आणि तुम्हाला हवं ते तुम्ही तिच्यात बघता.

वाचायचं कसं. क्राऊनच्या दाताची फुगीर बाजू ती ड्राइव्ह, खोलगट ती कोस्ट. दाताचं आतलं, मध्याकडचं टोक म्हणजे टो, बाहेरचं हील. वर माथा, खाली बूड. आधी फक्त वर-खाली बघा, डावं-उजवं नंतर. पट्टा माथ्यावर चढलाय, दोन्ही बाजूंना? पिनियन लांब राहिलाय, शिम जाड करा. बुडाशी गेलाय आणि खालची कडा धारदार दिसतेय? पिनियन जास्त आत आहे, शिम पातळ. शिम बदलली की बॅकलॅश परत सेट करायचा आणि मगच पुढची मार्किंग, नाहीतर दोन गोष्टी एकदम बदलतात आणि काय कशामुळे झालं ते कळत नाही. सुरुवातीला ०.१० ने बदला, पट्टा एकदम पलीकडे गेला तर मधे या. वर-खाली जमलं की टो-हील. पट्टा टोच्या कडेला गेला तर क्राऊन फार जवळ आहे, लांब न्या, हीलकडे गेला तर जवळ आणा, पण बॅकलॅशच्या मर्यादेतच. उत्तम मार्किंग दाताच्या उंचीच्या मधोमध आणि किंचित टोच्या बाजूला झुकलेली असते, कारण खरा लोड आला की ती हीलकडे पसरते. ड्राइव्ह साइड सुंदर आणि कोस्ट थोडी बाजूला असं झालं तर मी ड्राइव्ह साइडला मत देतो, गाडी जन्मभर तीच बाजू वापरते. जुना, चाललेला सेट परत बसवत असाल तर मार्किंगपेक्षा सुरुवातीला मोजलेला बॅकलॅश परत आणणं महत्त्वाचं, कारण त्याचे दात एकमेकांना सरावलेले असतात.

जुळलं? मग पिंजरा काढा, नवं बेअरिंग प्रेसवर, नवी क्रश स्लीव्ह, नवं ऑइल सील, ओठाला थोडं ग्रीस. फ्लँजवर जिथे सील घासतं तिथे नखाला लागेल असा खड्डा असेल तर फ्लँज पण बदला, नवं सील चार दिवसांत गळेल. आता नट आवळायचा आणि इथे धीर पाहिजे. स्लीव्ह दबायला लागण्याआधी अडीचशे-तीनशे न्यूटन मीटर सहज लागतात, फ्लँजला दोन भोकांची लांब पट्टी बोल्टने लावून ती जमिनीला टेकवा. दबायला सुरुवात झाली की नट अगदी जरा जरा, दर वेळी थांबून ताण मोजायचा. फ्लँजला दोरा गुंडाळा, स्प्रिंगचा काटा लावून सावकाश सारखा ओढा, सुरुवातीच्या झटक्याचा आकडा धरायचा नाही, फिरत असतानाचा धरायचा. किलो गुणिले फ्लँजची त्रिज्या सेंटिमीटरमध्ये. त्रिज्या ५ सेंमी आणि काटा ४ किलो दाखवत असेल तर २० किलो-सेंमी. नव्या बेअरिंगला साधारण १५ ते ३० च्या दरम्यान असतं, जुन्याला निम्मं, पण तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलचाच धरा. आणि जास्त झालं तर नट मागे सोडून आकडा बरोबर आणायचा नाही. काट्यावर आकडा बरोबर दिसेल हो, पण दबलेली स्लीव्ह परत फुलत नाही, नटाला धरून ठेवणारा ताण गेला की नट सुटतो. नवी स्लीव्ह आणायची. म्हणून नाना पेठेतून आणतानाच दोन आणा, परतीच्या पेट्रोलपेक्षा स्वस्त पडतं. नट बसला की कॉलर पंचने ठोकून लॉक.

पिंजरा परत आत, बॅकलॅश आधीच्याच आकड्यावर, मग दोन्ही अ‍ॅडजस्टर अर्धा-एक खाचा आत, मॅन्युअल सांगेल तसं, कॅप फुल टॉर्कवर, लॉक प्लेट. बॅकलॅश शेवटचा एकदा मोजा, कॅप आवळल्यावर तो थोडा हलतो. आणि शेवटची मार्किंग, फोटोसकट.

गाडीत चढवताना गॅस्केट किंवा सीलंट, सीलंट बारीक ओळीत, केकवर क्रीम काढल्यासारखं नको, आत पडून ऑइलमध्ये फिरतं. ब्रीदर काढून फुंकून बघा, तो चिखलाने बुजला असेल तर गरम हवेला जागा राहत नाही आणि सगळे सील गळायला लागतात, मग लोक सील बदलत बसतात. गिअर ऑइल जीएल-५ दर्जाचं, ८०डब्ल्यू-९० जाडीचं किंवा मॅन्युअलमध्ये असेल ते. या गिअरचे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घसरतात पण, साधं ऑइल त्या दाबाखाली टिकत नाही. हेच ऑइल उरलं म्हणून गिअरबॉक्समध्ये ओतू नका, तिथे जीएल-४ सांगितलेलं असेल तर तेच, पितळेच्या सिंक्रो रिंगांना काही जीएल-५ ऑइल मानवत नाहीत. भरायच्या भोकातून बाहेर यायला लागेपर्यंत भरा, गाडी सपाटीवर असताना.

पहिली फेरी सपाट रस्त्याची. मी सकाळी लवकर हडपसरहून उरळी कांचनला जाऊन आलो, साठच्या आत, स्पीड थोडा कमी-जास्त करत. तिथे पोचल्यावर हाउसिंगला हात लावायचा. कोमट-गरम ठीक, हात ठेवताच येत नसेल तर बेअरिंगवर ताण जास्त झालाय, उगाच परत चालवून बघू नका, गाडी ओढून न्या. नाहीतर अर्धा तास चहा-मिसळ, थंड होऊ द्या, मग परत. असं दोन-तीनदा गरम-थंड झालं की बरं. पहिले ५०० ते ८०० किमी घाट नाही, ट्रॉली ओढणं नाही, चार मित्र भरून ताम्हिणी तर अजिबात नाही.

त्यानंतर ऑइल बदला, प्लग पुसा. थोडा बारीक राखाडी गाळ असतोच पहिल्या वेळी. तो पुसून नवं ऑइल भरलं की कात्रजचा जुना घाट, काचा खाली, रेडिओ बंद. माझ्या वेळी दुसऱ्यांदा बोगद्यात फक्त जिप्सीच्या ताडपत्रीचा फडफडाट ऐकू आला, आणि मागच्या टेम्पोवाल्याचा हॉर्न, कारण ऐकायच्या नादात मी वीसने चाललो होतो.